आधी जीव ओळख

तुझं पत्र दोनदा वाचलं. क्रिस्पर, म्हणजे जनुकं कापून बदलायचं तंत्र शिकू, संगणकावर प्रथिनं घडवायला शिकू, की सरळ उत्पादनात शिरू? तिन्हींच्या अभ्यासक्रमांची यादी केलीस, पण कुठल्या जीवाबद्दल तुला कुतूहल आहे, याचा अख्ख्या पत्रात एक शब्द नाही. म्हणून सांगतो: आधी जीव ओळख. तंत्र मग.

१८५६ मध्ये फ्रान्समधल्या लील शहरातल्या एका कारखानदाराची बिटाची दारू नासायला लागली, तेव्हा शास्त्रज्ञ पाश्चर यांनी पिंपांतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. चांगल्या पिंपात गोल यीस्ट, नासलेल्यात बारीक काड्या. आपल्या विषयाला, जैवतंत्रज्ञानाला, तेव्हा नावही नव्हतं.

तुला भुरळ घालणारं क्रिस्परही असंच आलं. १९८७ मध्ये संशोधक इशिनो यांना ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएत एक विचित्र पुनरावृत्ती दिसली. मोजिका या दुसऱ्या संशोधकांना तशीच ती खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांत सापडली. ते वर्षानुवर्षं तिच्या मागे राहिले आणि तिच्या मधले तुकडे ही विषाणूंच्या हल्ल्यांची नोंद आहे, असं २००५ मध्ये त्यांनी मांडलं. त्यातूनच जनुक कापायचं अवजार आलं २०१२ मध्ये, सिकल सेल या रक्ताच्या आजारावरच्या उपचाराला मान्यता २०२३ मध्ये. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या भराभर प्रती काढायचं तंत्र, तू रोज वापरशील. त्यातलं उष्णता सोसणारं विकर (एन्झाइम) अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूचं. ब्रॉक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना तो सापडला तेव्हा पीसीआर नव्हतंच. त्या झऱ्यात काय जगतं, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

१९७८ मध्ये जिवाणूकडून मानवी इन्शुलिन करून घेतलं, १९८२ मध्ये ते औषध म्हणून आलं. वाटतं, जनुक घातलं की प्रथिन मिळालं. प्रत्यक्षात ई. कोलायला परकं प्रथिन भराभर करायला लावलं की त्याची घडी नीट पडत नाही, ते पेशीत गोळे होऊन बसतं. साखर जास्त झाली की तो ॲसिटेट (व्हिनेगरमधल्या आम्लाचं रूप) सोडतो आणि स्वतःचीच वाढ खुंटवतो. जिवाणू वाढवायच्या टाकीतल्या ऑक्सिजनची रेघ खाली घसरते, फेस झाकणाला भिडतो. त्या वेळी कुठलं प्रमाणपत्र दाखवशील?

मी उमेदीची वर्षं एका यीस्टपाशी काढली. बरोबरचे दर नव्या यंत्रामागे गेले, मला मागासलेला म्हणाले. बढत्या हुकल्या, त्याची खंत आहे. नाही कशी? पण टाकीत काहीतरी बिनसलंय हे मला आकड्यांआधी वासावरून कळतं, आणि मापकाचा आकडा चुकला तर तोही पकडता येतो. ती वर्षं वाया गेली, हे मी कुणाकडूनही ऐकून घेणार नाही.

अल्फाफोल्ड ही संगणक प्रणाली तुला प्रथिनाच्या आकाराचा अंदाज देईल. शीक, जरूर शीक. पण ते प्रथिन जिवंत पेशीत टिकेल का, तिला बाधेल का, हे पेशीलाच विचारावं लागतं. तेच तेच सांगतोय, कंटाळू नकोस: आधी जीव.

या आठवड्यात एक निवड. यीस्टही चालेल. तीन वेगळ्या तापमानांना वाढव, दर तासाला गढूळपणा मोज, थेंब काचपट्टीवर बघ. आलेख कुठे वळला आणि का, ते मला लिही. अभ्यासक्रमाचं त्यानंतर बोलू.