बिल कसं पाठवायचं, हे आधी विचार

बाळा, ऑनलाइन बिलिंगचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीसाठी मी लिहायचे. 'कागदी बिलं विसरा' असा लेख माझ्याकडून लिहून घेतला आणि माझं बिल मात्र वर्डमध्ये, प्रिंट काढून, सही करून, स्कॅन करून मागितलं! मे महिन्याच्या उन्हात सीताबर्डीच्या झेरॉक्सवाल्याकडे तीन चकरा झाल्या. पैसे चार महिन्यांनी आले. फार लागलं मनाला.

म्हणून काम घेण्याआधीच विचार, "बिल तुमच्याच सिस्टीमवरून पाठवू ना?" 'नाही, आमचे हिशेब बाहेरचा सीए बघतो' असं म्हणाले, तर ते कारण खरं असू शकतं. पण फ्रीलान्सरांना काम मिळवून देणारीच कंपनी तुला व्हॉट्सअ‍ॅपवर परस्पर काम देत असेल, तर सावध हो. ग्राहकाचे पैसे आधी जमा करून ठेवायची जी सोय ती इतरांना विकते, ती तुला मिळत नाही. अशा वेळी अर्धे पैसे आगाऊ घेच.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणीही आजच कर, फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याजही मागता येतं.