‘प्रातिनिधिक’ नव्हे, ठोकळा!

प्रश्न असा: मालिकांमधलं अल्पसंख्याकांचं चित्रण पूर्वीसारखं ‘टिपिकल’ राहिलेलं नाही, असं लिहायचं आहे, तर ‘स्टिरिओटाइप’ला ‘प्रातिनिधिक पात्र’ म्हणावं की ‘साचेबद्ध’?

‘प्रातिनिधिक’ अजिबात नको. टीव्हीवरच्या चर्चांत हा शब्द या अर्थाने ऐकला की तिडीक जाते. प्रतिनिधी नेमावा लागतो. अमेरिकेत १९५१ साली ‘अमॉस अँड अँडी’ मालिका सुरू झाली, तेव्हा प्रत्येक काळा माणूस एकतर विदूषक नाहीतर लबाड दाखवलाय, अशी तक्रार काळ्या लोकांच्याच संघटनेने केली. हे कसले प्रतिनिधी?

‘साचेबद्ध’ रूढ आहे, चालेल. (‘साचा’चा संबंध ‘साच’शी, म्हणजे खऱ्याशी, जोडणाऱ्यांनी तो नाद सोडावा. ज्ञानेश्वरीतला ‘साच आणि मवाळ’मधला ‘साच’ सत्य–सच्च–साच असा आला. साच्याचं मूळ संस्कृत ‘सञ्चक’.)

खरी गंमत छापखान्यात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मुद्रक फर्मँ दिदो यांनी ‘स्टिरिओटाइप’ हा शब्द चालवला. ग्रीक ‘स्टेरेओस’ म्हणजे घन, भरीव. ‘तिपोस’ म्हणजे ठसा. जुळारी एकेक खिळा, म्हणजे धातूचं सुटं अक्षर, जुळवून पान उभं करी. त्या पानाचा साचा घ्यायचा, त्यात शिशाचा रस ओतायचा, की सबंध पानाची एकसंध पाटी तयार. खिळे पुढच्या पानाला मोकळे, पाटी कायमची. आणि अक्षर चुकलं तर? खिळा उपसून दुसरा बसवायची सोय नाही. तेवढा तुकडा कापून नवा डाख देऊन बसवावा लागे. फ्रेंचमध्ये याच पाटीला ‘क्लिशे’ म्हणत! १९२२ साली अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी ‘स्टिरिओटाइप’ हा शब्द माणसांच्या डोक्यातल्या पक्क्या चित्रांना लावला.

म्हणजे साचा हे नुसतं साधन; त्यातून निघतो तो भरीव ठोकळा. म्हणून माझं मत ‘ठोकळेबाज’ला. तो ‘बोलीतला, हलका’ म्हणणाऱ्या जाणकारांनी ‘स्टेरेओस’चा अर्थच लक्षात घेतलेला नाही. शिवाय तो ‘बाज’ पाहा. फारसीत बाज म्हणजे खेळणारा: पतंगबाज, दगलबाज. ठोकळ्यांशी खेळतो तो ठोकळेबाज. मग ठोकळेबाज पात्र कसं असेल? ठोकळेबाज लेखक, पात्र बिचारं ठोकळा. लोक पात्रालाही हे विशेषण लावतात, मी लावत नाही. दोष ज्याचा त्याला नेमका पोचवणारा इतका चोख शब्द हाताशी असताना तो का बोथट करायचा?

राहिला चित्रणातला ‘बदल’. १९६८ च्या ‘ज्युलिया’ या अमेरिकन मालिकेत काळी अभिनेत्री डायहॅन कॅरल सुशिक्षित, नीटनेटकी परिचारिका झाली. ना विदूषक, ना लबाड. तरी टीकाकार म्हणालेच, की ही बाई फार निर्दोष आहे, अशी कोण असते? तेव्हा तुम्हाला ‘ठोकळे बदलले’ म्हणायचंय की ‘ठोकळेबाजी सुटली’, ते आधी ठरवा. दोन्हींसाठी ‘बदल’ हा एकच शब्द पुरणार नाही.