व्हाया टाकला की टाकली? ट्रेस, व्हाया, राउटिंगला मराठीत काय म्हणायचं

प्रश्न असा होता: पॉलिटेक्निकच्या मुलांना पीसीबी (इलेक्ट्रॉनिक्सचा छापील सर्किट बोर्ड) डिझाइनचं सॉफ्टवेअर मराठीतून शिकवायचंय, तर नोट्समध्ये ट्रेसला (बोर्डावरची वीज नेणारी तांब्याची रेघ) 'मार्गिका' आणि व्हायाला (वरची रेघ खालच्या रेघेला जोडणारी जागा) 'छिद्र' लिहिलं तर चालेल का, आणि व्हाया म्हणजे तो, ती की ते?

आधी छिद्राचं सांगतो, कारण तिथे नुसती भाषेची नाही, अर्थाचीच चूक होते. बोर्डावर भोकं बऱ्याच प्रकारची असतात, स्क्रूसाठी वेगळी, रेझिस्टरचे पाय घालायला वेगळी. व्हायाच्या भोकात काहीच घालायचं नसतं. साधारण १.६ मिमी जाडीच्या बोर्डात ०.३ मिमीचं भोक पाडतात आणि मग त्याच्या आतल्या भिंतीवर तांबं चढवतात, २०-२५ मायक्रॉनचा थर, म्हणजे केसापेक्षाही पातळ, आणि त्या तांब्यामुळेच वरचा ट्रॅक, म्हणजे ट्रेसच, खालच्या ट्रॅकला जोडला जातो. म्हणजे महत्त्व भोकाला नाही, भिंतीला आहे. 'छिद्र' म्हटलं की मुलाच्या डोळ्यासमोर पोकळी येते आणि जोडणी राहून जाते.

आता शब्द बघा. लॅटिनमध्ये व्हाया म्हणजे रस्ता, आणि इंग्रजीत प्रवासासाठी आपण जो वापरतो तो त्याच शब्दाचं 'रस्त्याने' अशा अर्थाचं विभक्तीचं रूप आहे. गंमत म्हणजे आपलं 'मार्गे' हुबेहूब तसंच बनलंय, मार्ग अधिक तृतीयेचा 'ए', निमंत्रणपत्रिकेतल्या 'यांच्या शुभहस्ते' सारखं. त्यामुळे एसटीच्या पाटीवर मार्गे असतं आणि तोंडात व्हाया असतं तरी दोन्ही एकच गोष्ट सांगतात. फरक फक्त जागेचा, आपण 'संगमनेरमार्गे' म्हणतो पण 'व्हाया संगमनेर' म्हणतो, हा शब्द मराठीत येताना आपली पुढे उभं राहायची सवय घेऊनच आला.

पण पीसीबीतला व्हाया हे नाम आहे, आणि नाम झालं की मराठी लगेच लिंग विचारते. माझ्या कानावर 'एक व्हाया टाकला', 'व्हायाचा साइज', 'व्हायातून खाली गेला' हेच जास्त पडतं, म्हणजे पुल्लिंगी. आणि ते नियमातही चपखल बसतं! कॅमेरा-कॅमेऱ्याचा असं होतं खरं, पण शेवटी 'या' असेल तर सामान्यरूप तसंच दिसतं, रुपया-रुपयाचा, पाया-पायाचा, तसंच व्हाया-व्हायाचा. स्त्रीलिंगी असता तर किमयेचा सारखं 'व्हायेचा' झालं असतं, तसं कोणी बोलत नाही. अडतं फक्त अनेकवचनात, रुपये-पाये प्रमाणे 'व्हाये' व्हायला हवं पण सगळे 'चार व्हाया' म्हणतात, आणि माझ्या मते नोट्समध्येही चार व्हायाच लिहावं, कानाला जे बसलंय ते.

ट्रेसचं थोडक्यात. पोलीस तपासात 'ट्रेस लागला' म्हणतो तिथे आपला शब्द 'माग' आहे, आणि माग हा मार्गचाच झिजलेला भाऊ. पण माग म्हणजे कोणीतरी जाऊन गेल्यावर उरलेली खूण, आणि बोर्डावरची तांब्याची रेघ तर वीज जायच्या आधी आखावी लागते, म्हणून माग इथे नको. 'मार्गिका' ऐकली की मेट्रो आठवते, चूक नाही पण जड आहे. कीकॅड या पीसीबी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्येही मेनूत ट्रॅकच लिहिलंय, आणि मार्करने कॉपरवर रेघा काढून, उरलेलं तांबं विरघळवायला फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड बुडवणारे जुने लोकही ट्रॅकच म्हणायचे. ट्रॅक ठेवा.

माझं खरं म्हणणं मात्र नामांबद्दल नाहीच, क्रियापदांबद्दल आहे. कीकॅडमध्ये पॅडवर (पार्टचा पाय जिथे सोल्डर करतात तो तांब्याचा ठिपका) माउस नेऊन एक्स दाबला की लाल रेघ माउसमागे यायला लागते, मध्ये दुसरा ट्रॅक आडवा आला की व्ही दाबायचा, क्लिक करायचं, तिथे छोटं गोल कडं उमटतं आणि पुढची रेघ निळी होते, म्हणजे आपण खालच्या बाजूला आलो. हे करताना मुलं काय बोलतात ते ऐका: ट्रॅक ओढला, व्हाया टाकला, इथून खाली उतरू का, पलीकडे वर ये. सगळी मराठी इथेच आहे! उतरणे, चढणे, ओढणे, वळवणे, अलीकडे, पलीकडे. सुरुवातीला पॅडापॅडांमध्ये बारीक रेषांचं जे जाळं दिसतं त्याला इंग्रजीत उंदराचं घरटं म्हणतात, आपण 'गुंता' म्हणतो आणि राउटिंग म्हणजे तो गुंता सोडवणं. रस्त्याची करतात तशी 'आखणी' हा शब्दही चांगला आहे, धड्याच्या नावाला वापरा.

दोन शब्द मात्र मी आवर्जून मराठीत आणीन. भोकाभोवतीची तांब्याची गोल पट्टी, तिला 'कडं' म्हणा. व्हाया बाहेरून ०.६ मिमीचा आणि भोक ०.३ मिमीचं असेल तर कडं सगळीकडून ०.१५ मिमी उरतं, आणि ड्रिल जरा सरकलं की कडं एका बाजूला तुटतं, हे वाक्य मुलाला लगेच दिसतं. दुसरं, ब्लाइंड व्हायाला 'आंधळा व्हाया' अजिबात लिहू नका. जास्त थरांच्या बोर्डात एका बाजूने सुरू होऊन आतल्या थरात संपतो तो, आपण गल्लीला आंधळी म्हणत नाही, बंद गल्ली म्हणतो, तर हा 'बंद व्हाया'. आणि दोन्ही टोकं आतच असतात तो 'पुरलेला'.

नोट्समधलं वाक्य मी असं लिहीन: आयसीच्या ७ नंबर पिनपासून ट्रॅक ओढा, ५ व्होल्टच्या ट्रॅकच्या अलीकडे व्हाया टाकून खाली उतरा, ट्रॅक ओलांडा, पलीकडे दुसरा व्हाया टाकून वर या आणि एलईडीच्या पॅडवर संपवा.