परवा सुट्टी, आधी काय आणू?

प्रश्न: सिस्टर, सासऱ्यांना (वय 72) लकवा मारला. उजवी बाजू गेली, नाकातून नळी आहे. परवा दवाखान्यातून सुट्टी देणार म्हणतात. घर वरच्या मजल्यावर. पलंग भाड्याने घ्यायचा की एअर बेड (पंपावरची हवेची गादी) विकत, यावरच घरात वाद चाललाय. यजमान दिवसभर ड्युटीवर. करणार मी आणि सासूबाई. आधी काय आणू?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर: ताई, आणायचं मग बघू. आज-उद्या दोघींनी वॉर्डात थांबा आणि सिस्टर शेजारी असताना स्वतःच्या हाताने नळीतून भरवा. नुसतं पाहून येत नाही. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नोकरी केली मी. सुट्टीच्या वेळी सगळे माना डोलावतात आणि संध्याकाळी फोन, ‘सिस्टर, पेज उतरतच नाही!’

नाकाशी नळीवर मार्करने खूण करून घ्या. खूण सरकलेली दिसली तर थेंबही घालायचा नाही, सरळ दवाखाना. बाबांना डोक्याकडून नीट उंच बसवा. सिरिंजचा दांडा काढा, पेज आपसूक उतरू द्या, ढकलू नका. वरण गाळूनच, आणि शेवटी पाणी, नाहीतर नळी चोंदते. पुढे अर्धा-पाऊण तास आडवं करू नका. गोळ्या कुटायच्या आधी विचारा, काही कुटून चालत नाहीत.

खरा धोका भेटायला येणाऱ्यांचा. ‘घसा सुकला बिचाऱ्याचा, दोन चमचे पाणी तरी पाजा!’ तेच पाणी फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. गिळणं तपासून डॉक्टर हो म्हणेपर्यंत तोंडाने काहीच नाही; आत्याबाई रुसल्या तर रुसू द्या. तोंड मात्र रोज स्वच्छ पुसायचं.

आता तुमचा वाद. डोकं वर होणारा पलंग भाड्याने घ्या, त्यावर एअर बेड घाला. तरी दर दोन तासांनी कूस बदलणं सुटत नाही, आणि मे महिन्यात लाईट गेली की पंप बंद. माकडहाडाशी लाली दिसली तर चोळू नका, त्या अंगावर झोपवूही नका. पोटऱ्यांखाली उशी द्या, टाचा अधांतरी राहतात. उठवताना उजवा हात ओढायचा नाही, खांदा निसटतो.

रात्रीच्या दोन पाळ्या यजमानांच्या. सासूबाईंना रात्री उठवाल तर आठवड्यात त्याही अंथरूण धरतील.

आणि तुमच्या जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळतं का, ते यजमानांना आजच मोजायला सांगा.