केनियात प्राणीही बघायचेत आणि पक्षीही. आठ-नऊ दिवस कसे वाटून घ्यावेत, आणि ऑगस्टच गाठायला हवा का?

तुम्ही लिहिलंय की तुम्हाला पक्ष्यांचं वेड आहे, नवऱ्याला सिंह बघायचाय, सोबत साठी ओलांडलेले सासू-सासरे आहेत आणि टूरवाल्याने निम्म्याहून जास्त रात्री मसाई मारातच टाकल्यात. माझं म्हणणं आधीच सांगतो. महिना आणि हॉटेल नंतर बघा, गाडीत तुमच्याबरोबर कोण बसणार ते आधी ठरवा.

हे मी पैसे घालवून शिकलोय. पहिल्यांदा ऑगस्टमध्ये ग्रुप टूरने गेलो. छत वर उचलणारी व्हॅन आणि त्यात सहा अनोळखी माणसं. मारात दुसऱ्या दिवशी सकाळी गवतातून सेक्रेटरी बर्ड चालत येताना दिसला. कमरेच्या वरपर्यंत येईल एवढा उंच, काळी अर्धी तुमान घातल्यासारखे पाय, डोक्यामागे कारकुनाने कानावर टाक खोचावा तशी पिसं. चालता चालता थबकला, खाली काहीतरी दिसलं आणि दाणदाण पाय आपटायला लागला. तेवढ्यात ड्रायव्हरच्या रेडिओवर 'चुई' ऐकू आलं. चुई म्हणजे बिबट्या, आणि दोन दिवसांत आमच्या व्हॅनमध्ये सगळ्यांना पाठ झालेला स्वाहिली शब्द तोच. गाडी सुटली. बिबट्याच्या झाडाखाली वीसेक गाड्या उभ्या होत्या, आम्हाला फांदीवरून लोंबणारी शेपटी दिसली. सेक्रेटरीने काय मारलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. सोबतच्यांना दोष देत नाही, ताडोब्यात तरी आपण वेगळं काय करतो?

दुसऱ्या खेपेला आम्ही चौघांनी स्वतंत्र लँड क्रूझर घेतली आणि पक्षी ओळखणारा ड्रायव्हर-गाइड मागून घेतला. महाग पडतं, पण तुम्हीही चौघं आहात, तेव्हा खर्च विभागला जाईल. फक्त 'बर्डिंगही होईल ना?' असं विचारू नका, त्याला उत्तर 'हो' असंच येतं. त्या गाइडच्या मागच्या एखाद्या सहलीत दिसलेल्या पक्ष्यांची यादी मागा. ज्याच्याकडे यादी निघते तो माणूस तुमचा.

आता तळी. नैवाशा नैरोबीपासून शंभर किलोमीटरच्या आतच आहे. गोड्या पाण्याचं तळं, कडेने पपायरसचं दाट लव्हाळं, त्यात पाणघोडे. होडीतून सकाळी निघालात की मलाकाइट खंड्या हाताच्या अंतरावर बसलेला सापडतो. मत्स्यगरुड तर इतके, की थोड्या वेळाने माणूस मान वळवायचा थांबतो. इथे नावाडी एक खेळ करतात. छोट्या माशाच्या पोटात पपायरसच्या देठाचा तुकडा खुपसतात, म्हणजे तो बुडत नाही. मग शीळ घालून मासा फेकायचा, की झाडावरचा गरुड झेपावतो. फोटो झकास येतो. मी पहिल्यांदा काढला, दुसऱ्यांदा नको म्हटलं, तर नावाडीच खट्टू झाला.

नाकुरूबद्दल मात्र सावध करतो. काठाला गुलाबी किनार लावल्यासारखे लाखो फ्लेमिंगो, हे चित्र डोक्यात घेऊन जाऊ नका. साधारण 2010 नंतर तिथलं पाणी इतकं चढलं की उद्यानाचं जुनं फाटकसुद्धा बुडालं. काठची बाभळीसारखी झाडं अजून पाण्यात सुकून उभी आहेत, त्यांच्यावर पाणकावळे बसतात. पाणी वाढलं की खारेपणा उतरतो, आणि छोट्या जातीच्या फ्लेमिंगोचं मुख्य खाणं असलेलं स्पायरुलिना शेवाळ खारट, अल्कधर्मी पाण्यातच माजतं. त्यामुळे पक्षी दुसरीकडे सरकतात. आम्हाला शे-दोनशे दिसले. बायको म्हणाली, "एवढे तर ऐरोलीच्या खाडीत दिसतात." खोटं नव्हतं. नाकुरूला जायचं ते गेंड्यांसाठी; काळे आणि पांढरे दोन्ही तिथे आहेत. एक रात्र पुरे.

फ्लेमिंगो भेटले बोगोरियाला. जमिनीतून उकळतं पाणी उसळतंय, गंधकाचा वास, वाफ, आणि पलीकडे गुलाबी पट्टा, ज्याची हालचाल दुर्बिणीतूनच कळते. तिथून उत्तरेला जवळच बारिंगो. टूरवाले हे नाव स्वतःहून घेत नाहीत, कारण तिथे सिंह नाही आणि उकडतंही भरपूर. पण पक्ष्यांसाठी माझं मत बारिंगोला. तिथली स्थानिक पोरं पायी हिंडवतात. आमच्याबरोबर आलेल्या पोराने काट्यांच्या एका झुडपाकडे बोट दाखवलं. मला नुसता सुका पाला दिसत होता. चार पावलं पुढे नेऊन म्हणाला, "आता बघा." पाल्याने डोळा किलकिला केला. रातवा होता, रात्री हिंडणारा पक्षी. त्याच सकाळी एक काळा-पांढरा, तुरेवाला पक्षी समोरून उडाला. पोरगा म्हणाला, जॅकोबिन ककू. अहो, चातक! आपल्याकडे पावसाच्या आधी आफ्रिकेतून येतो तो. हाच पक्षी आपल्या माळावर येऊन गेला असेल असं नाही, तिथे राहणारेही आहेत. तरी मी दोन मिनिटं काही बोललो नाही.

ऑगस्ट हवा का? नदी ओलांडणारे विल्डबीस्ट, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या हरणांचे कळप, बघायचे असतील तर जुलै ते ऑक्टोबरच. तिथेही काठावर चार तास बसून कळप मागे फिरलेला मी बघितलाय. पक्ष्यांसाठी मी नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी म्हणेन. युरोप-आशियातले पाहुणे आलेले असतात, आणि नोव्हेंबरच्या सरींमध्ये सुगरणी पिवळ्याधमक होऊन खोपे विणत असतात. माराचं परदेशी प्रौढांचं दिवसाचं शुल्क जानेवारी ते जून 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर आहे. चौघांचा हिशोब करा, फेब्रुवारी आवडायला लागेल. सिंह बाराही महिने असतात.

मी असं वाटेन: नैवाशा दोन रात्री, बारिंगो दोन (बोगोरिया तिथूनच), परतताना नाकुरू एक, मारा तीन. मारात गाइडला आधीच सांगा की शिकार झालेली जागा दिसली तर तिथे थांबायचं, सिंह उठून गेल्यावरही. ऊन तापलं की गिधाडं उतरतात. आधी पांढऱ्या पाठीची धक्काबुक्की करत येतात, मग लॅपेट-फेस्ड जातीचं गिधाड पंख पसरून उड्या मारत येतं आणि बाकीची मुकाट बाजूला होतात. आपल्याकडे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडं गेली, तिथे विषारी आमिषं त्यांच्या मुळावर उठली आहेत. नवरा तोवर कंटाळला तर त्याला हातात कॅमेरा द्या.

सासू-सासऱ्यांचं बघायचं तर नाकुरू ते मारा हा रस्ता दिवसभराचा आणि हाडं खिळखिळी करणारा. जमल्यास परतीला माराहून नैरोबीच्या विल्सन विमानतळापर्यंत छोटं विमान घ्या, तासाभराचं काम. पहाटे मारात स्वेटर लागतो, आफ्रिका म्हणून नुसते सुती कपडे नेऊ नका. यलो फिव्हरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या; प्रमाणपत्र नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर अडवून विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. आणि चकल्या-चिवडा प्लास्टिकच्या कॅरीबॅगमध्ये बांधू नका, केनियात 2017 पासून त्यांच्यावर बंदी आहे. आम्ही कापडी पिशव्या शिवून नेल्या.

दुर्बीण 8 बाय 42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) घ्या, आणि सासऱ्यांना त्यांची वेगळी. मागून घेतलेली दुर्बीण परत हातात येईपर्यंत पक्षी फांदीवर बसून राहत नाही.