अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या ग्रीनव्हिलसारख्या लहान गावातून इतके लेखक कसे निघाले? तिथल्या वर्तमानपत्राचा त्यात काही हात होता का?

हात होता, पण वर्तमानपत्राआधी एक घर होतं. सुरुवात तिथून करावी लागेल.

मी राज्याच्या राजधानीत, जॅक्सनला नोकरीला होतो तेव्हा कामानिमित्त ग्रीनव्हिलला जाणं-येणं असायचं. गाव जेमतेम ३० हजार वस्तीचं, कापसाच्या मुलखातलं, मिसिसिपी नदीच्या जुन्या पात्राचं जे तळं झालंय त्याच्या काठावरचं. ‘इथली मातीच तशी’ असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. त्या मातीत कापूस पिकतो.

घर होतं विल्यम अलेक्झांडर पर्सीचं. वकील, कवी, मोठा जमीनदार. घरात पुस्तकं भरपूर, पाहुण्यांचा राबता सतत. चुलतभावाची पोरकी झालेली तीन मुलं त्याने वाढवली. त्यातला वॉकर पर्सी पुढे कादंबरीकार झाला, १९६२ मध्ये त्याला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. मुलांना सोबत हवी म्हणून विलकाकाने गावातलाच त्यांच्या वयाचा एक मुलगा घरी बोलावला. तो शेल्बी फूट, ज्याने नंतर अमेरिकन यादवी युद्धाचा तीन जाडजूड खंडांचा इतिहास लिहिला. दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली.

याच विल पर्सीने आणि त्याच्या मित्रमंडळींनी पत्रकार हॉडिंग कार्टरला लुईझियानाहून ग्रीनव्हिलला आणलं. लुईझियानातल्या ह्यूई लाँगसारख्या बलाढ्य पुढाऱ्याशी त्याचा पंगा घेऊन झालेला होता, वय तिशीच्या आत. १९३६ मध्ये त्याने ‘डेल्टा स्टार’ काढला आणि दोन वर्षांत गावातलं जुनं पत्र त्यात मिसळून ‘डेल्टा डेमोक्रॅट-टाइम्स’ केलं. सुरुवातीच्याच दिवसांत त्याने ऑलिंपिक धावपटू जेसी ओवेन्सचा फोटो छापला. काळ्या माणसाचा फोटो पेपरात आला म्हणून गोरे वाचक खवळले. फूटनेही इथे थोडी बातमीदारी केली. १९४६ मध्ये कार्टरला अग्रलेखांसाठी पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्यातला गाजलेला अग्रलेख युद्धात लढलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकन सैनिकांच्या बाजूने होता.

पण मला सर्वांत आवडतो तो १९५५ चा किस्सा. वर्णभेद टिकवण्यासाठी गावोगावी निघालेल्या ‘सिटिझन्स कौन्सिल’ संघटनांवर कार्टरने एका राष्ट्रीय नियतकालिकात झोडपून लिहिलं. मिसिसिपीच्या विधानसभेने ८९ विरुद्ध १९ मतांनी ठराव करून त्याला खोटारडा ठरवलं. त्याने आपल्या पेपरात उत्तर दिलं: आरोप खरा असता तर मी या सभागृहाचा सदस्य व्हायला लायकच ठरलो असतो. तो खरा नाही, म्हणून फिट्टंफाट करण्यासाठी मी १ विरुद्ध ० मतांनी ठराव करतो की विधानसभेत ८९ खोटारडे आहेत.

आता दुसरी बाजू. कार्टर काही क्रांतिकारक नव्हता. झुंडबळींविरुद्धच्या केंद्रीय कायद्याला त्याचा विरोध होता, आणि बदल हळूहळूच व्हावा असं तो म्हणायचा. विल पर्सीचं तर त्याहून अवघड. १९२७ च्या महापुरात मदत समितीचा प्रमुख तोच. गोऱ्या बायका-मुलांना बोटींनी हलवलं, काळ्या मजुरांना मात्र नदीच्या बांधावरच्या छावण्यांत अडकवून ठेवलं, कारण एकदा गेलेले मजूर परत येणार नाहीत ही जमीनदारांची धास्ती. ज्या पैशावर ते पुस्तकांचं घर उभं होतं तो याच मजुरांच्या कष्टाचा होता.

म्हणूनच गावातल्या नामवंतांची यादी निव्वळ लेखकांची केली की ती बहुतेक गोऱ्यांचीच होते. ‘सुप्रीम्स’ या गाजलेल्या गायिकांच्या गटातली मेरी विल्सन इथलीच. आणि होल्ट कॉलियर! जन्माने गुलाम, अस्वलांचा पट्टीचा शिकारी. १९०२ मध्ये अध्यक्ष थिओडोर ऊर्फ ‘टेडी’ रूझवेल्टच्या शिकारीत वाटाड्या तोच होता. त्याने अस्वल पकडून झाडाला बांधलं, रूझवेल्टने त्यावर गोळी झाडायला नकार दिला, आणि त्यावरून टेडी बेअर आलं. कॉलियर १९३६ मध्ये ग्रीनव्हिललाच वारला. गंमत म्हणजे त्याच वर्षी ‘मपेट्स’ या टीव्हीवरच्या बाहुल्यांचा जनक जिम हेन्सन इथे जन्मला, वाढला मात्र शेजारच्या लीलंडमध्ये.

कार्टर कुटुंबाने पेपर १९८० मध्ये बाहेरच्या कंपनीला विकला. मुलगा हॉडिंग तिसरा तोवर परराष्ट्र खात्याचा प्रवक्ता झाला होता. इराणमधल्या ओलीस प्रकरणात रोज टीव्हीवर दिसायचा तोच.

गावात गेलातच तर नेल्सन स्ट्रीटवर ‘डोज ईट प्लेस’ला जेवा. पुढच्या दारातून शिरलं की थेट स्वयंपाकघरातच येतो आपण. तमाले मागवा: मक्याच्या पिठात मांसाचं सारण, मक्याच्या सालीत गुंडाळून मसाल्याच्या पाण्यात शिजवलेलं. शाकाहारी असाल तर मात्र पंचाईत आहे.