वाचकांचे प्रश्न : ट्रफलच्या शोधात इटलीच्या खेड्यांत

प्रश्न : आम्ही उभयतांनी पुढील वर्षी इटलीच्या ग्रामीण भागात आठवडाभर मुक्काम करण्याचे योजले आहे. ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी सुगंधी खाद्य बुरशी, शोधणाऱ्यांबरोबर रानात हिंडावे आणि पांढऱ्या ट्रफलचा आस्वाद घ्यावा, हा मुख्य हेतू आहे. सुट्टी बहुधा जून-जुलैमध्ये मिळेल. वायव्य इटलीतील आल्बा या गावी जावे का?

उत्तर : जून-जुलैमध्ये आल्बाला जरूर जा, पण ताज्या पांढऱ्या ट्रफलची आशा ठेवून जाऊ नका. पिएमोंते प्रांतातील लांगे, रोएरो आणि मोनफेर्रातो या टेकड्यांच्या परिसरात मिळणाऱ्या या ट्रफलचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते डिसेंबर असा असून आल्बाची प्रसिद्ध ट्रफल-जत्राही त्याच सुमारास भरते. उन्हाळ्यात कोणी 'ताजा पांढरा ट्रफल' म्हणून काही पुढे केले, तर सरळ पुढच्या दुकानाकडे वळावे.

तारखा बदलता येत नसतील, तर प्रदेश बदलावा, असे मी सुचवेन. मे महिन्यापासून उन्हाळाभर मध्य इटलीतील उंब्रिया, मार्के आणि तोस्काना येथे 'स्कोर्त्सोने' हा उन्हाळी काळा ट्रफल मिळतो. बाहेरून खरखरीत आणि आतून फिकट असलेल्या या ट्रफलचा गंध सौम्य असतो आणि किंमतही पांढऱ्याच्या मानाने फारच कमी असते, त्यामुळे ताटावर हात राखून किसावा लागत नाही. उंब्रियातील नोर्चा आणि स्पोलेतो यांच्या परिसरातील अधिक मौल्यवान काळा ट्रफल मात्र हिवाळ्यातला, म्हणजे डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंतचा. तारखा पुढे ढकलता येत असतील, तर नोव्हेंबरमध्ये आल्बा गाठावे. मात्र उन्हाळा कोरडा गेला असेल, तर त्या वर्षी माल कमी आणि भाव चढे असतात, याची तयारी ठेवावी.

प्रश्न : पर्यटकांसाठीच्या अशा फेरीत ट्रफल आधीच पुरून ठेवलेले असतात, असे ऐकले. ते खरे आहे का? आणि आपल्याला स्वतः खणता येते का?

उत्तर : काही ठिकाणी तसे केले जाते, हे खरे आहे. दीड तासाच्या फेरीत पाहुण्यांना रिकाम्या हाताने परत पाठवायचे नसल्याने ही सोय केलेली असते. मला त्यात गैर वाटत नाही. अट एवढीच की यजमानाने तसे स्पष्ट सांगावे. म्हणून नोंदणी करतानाच विचारावे, आणि 'आज काही मिळेलच असे नाही' असे उत्तर देणाऱ्याची निवड करावी. अर्थात, व्यवसाय म्हणून शोध घेणारा माणूस आपल्या खऱ्या जागा परक्याला कधीच दाखवत नाही, आणि पिएमोंतेतील जुने शोधक तर त्याचसाठी रात्री बाहेर पडत आले आहेत.

स्वतः खणण्याचा मोह आवरावा. १९८५ च्या इटालियन कायद्यानुसार ट्रफल काढण्यासाठी परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो, शोध कुत्र्याच्या साहाय्यानेच घ्यावा लागतो आणि खणलेला खड्डा पुन्हा बुजवावा लागतो. ट्रफल ही ओक, पॉप्लर, लिंडेन यांसारख्या झाडांच्या मुळांशी जोडून राहणारी बुरशी असून खड्डा उघडा राहिला तर मातीतले तिचे तंतू सुकतात. ही शोधविद्या २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली.

पाहण्यासारखा असतो तो कुत्रा. पुष्कळदा तो कुरळ्या केसांचा लागोत्तो रोमान्योलो असतो, पण मिश्र जातीचे कुत्रेही उत्तम काम करतात. इकडेतिकडे सैरावैरा हुंगणारा तो एका जागी अचानक घुटमळतो, नाक जमिनीला टेकवतो आणि पुढच्या पायांनी माती उकरू लागतो. त्याच क्षणी शोधक त्याला एका हाताने मागे धरतो, दुसऱ्या हाताने चिमूटभर माती उचलून स्वतः हुंगतो आणि मग अरुंद पात्याच्या अवजाराने कडेकडेने माती सैल करतो, कारण घाईत ट्रफलला चीर पडली की त्याचा भाव उतरतो. कुत्र्याला बक्षीस म्हणून खाऊ मिळतो. उन्हाळ्यात पहाटेची फेरी घ्यावी. ऊन चढले की कुत्रे लवकर थकतात.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, अंडे चालते. काय खावे? घरी आणण्यासाठी ट्रफलचे तेल घ्यावे का?

उत्तर : अंडे चालत असल्याने तुमचे फारसे अडणार नाही. पांढरा ट्रफल शिजवत नाहीत. तळलेल्या अंड्यावर किंवा लोण्यात घोळवलेल्या तायारिन या बारीक, भरपूर बलक घातलेल्या शेवयांवर तो कच्चाच किसतात, आणि खालच्या पदार्थाची ऊब त्याचा गंध फुलवते. काळ्या ट्रफलला मंद आच सोसते. फोन्दूता हा चीजचा पदार्थ मागवण्यापूर्वी एक लक्षात घ्यावे : त्यातले फोन्तिना आणि इतरत्र सर्रास भुरभुरले जाणारे पार्मिजानो ही दोन्ही चीजे वासराच्या जठरातील विरजणापासून बनतात. उपाहारगृहात ट्रफल बहुधा ग्रॅमवर विकतात, म्हणून किसण्यापूर्वी ग्रॅमचा भाव विचारण्यात संकोच करू नये.

तेल मात्र घेऊ नये. बहुतेक बाटल्यांतील वास कृत्रिम रसायनाचा असतो, आणि घटकांच्या यादीत 'आरोमा' असा शब्द दिसला की काय ते समजावे. त्याच पैशांत एक लहानसा ताजा ट्रफल घेऊन मुक्कामावरच संपवावा. तो कागदी रुमालात गुंडाळून, झाकणाच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवावा, कागद रोज बदलावा आणि ट्रफल खाण्याच्या वेळीच ब्रशने स्वच्छ करावा. बरणीत दोन अंडी ठेवली, तर गंध कवचातून आत मुरतो आणि दुसऱ्या दिवशीचे ऑम्लेट वेगळेच लागते.